निखारेसाहेबांच्या घरची कणसं

एकदा पार्सल घेऊन आलेला एक माणूस आमच्या आळीत दारोदार विचारत होता, "निखारेसाहेब कुठे राहतात?" आम्ही बायका हसून हसून बेजार. कारण निखारे हे त्यांचं आडनाव नव्हेच. दर रविवारी परसात शेगडी पेटवून कणसं भाजायचे म्हणून लोकांनी ठेवलेलं ते नाव. कुणा मित्राने गमतीने तेच पार्सलवर घातलं होतं. साहेबांनी सहीसुद्धा त्याच नावाने केली आणि पुढचे चार दिवस ती हकिगत भेटेल त्याला ऐकवली.

त्यांच्या बायकोला मात्र आळीने काही नाव ठेवलं नाही. त्या निखारेसाहेबांची मंडळी. मी त्यांना वहिनी म्हणते. आणि मला सांगायचंय ते त्यांच्याबद्दल.

वहिनी एका मोठ्या दवाखान्याच्या लाँड्रीत कामाला होत्या. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले यांना दिवसभर इस्त्री करायची. तिथे वाफेवर चालणारा एक लांबलचक रूळ आहे, त्यात ओली चादर एका बाजूने घालायची आणि दुसऱ्या बाजूने घडी घालत ओढून घ्यायची. चौदा वर्षांत त्यांच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत फिकट गुलाबी डाग उमटलेत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "बांगड्या आहेत, कंपनीकडून फुकट." गेली दोन वर्षं खोकलाही लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं, वाफेपासून लांब राहा. वहिनी म्हणाल्या, "राहते की. एक हात लांब राहते रोज."

आमची दोघींची घरं पाठीला पाठ लावून. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, मध्ये हातभर बोळ. साखरेची वाटी इकडून तिकडे जाते ती तिथूनच, आणि त्यांचं बाजूचं परसही तिथून दिसतं. त्यामुळे त्या घरात काय शिजतं, कोण शिजवतं आणि कोण मिरवतं, हे मला इतरांपेक्षा जरा जास्त ठाऊक.

चौदा वर्षांपूर्वी साहेब पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात मशीन लावून द्यायचे. कारखाना बंद पडला. पहिला महिना त्यांनी नोकरी शोधली, दुसऱ्या महिन्यात शोधल्यासारखं केलं आणि तिसऱ्यापासून भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. वहिनींनी लाँड्री धरली ती तेव्हा. अकरा महिने माणूस दाढी करीना, जेवताना मान वर करीना. "बोलतात का काही?" असं मी विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, "बोलतात. 'नको' म्हणतात."

अशात एका रविवारी कारखान्यातले तिघे जुने सोबती भेटायला आले. घरात देण्यासारखं काही नव्हतं, बाजारातून आणलेली डझनभर कणसं तेवढी होती. परसात जुन्या वॉशिंग मशीनचं भोकाभोकांचं पिंप पडलेलं होतं. वहिनींनी त्यात कोळसे घातले, वर जाळी ठेवली आणि कणसं भाजून आत पाहुण्यांपुढे नेली. त्यातला एक उंच सोबती पहिल्याच घासाला थांबला. "वा! कुणी भाजली हो ही?"

वहिनी पदराला हात पुसत होत्या. म्हणाल्या, "ह्यांनी. मी आपलं मीठ आणून दिलं."

साहेबांनी मान वर केली. बायकोकडे पाहिलं. मग उठले, परसात जाऊन चिमटा घेतला, शेगडीसमोर पाटावर बसले आणि उरलेली कणसं उलटीपालटी करू लागले. तासाभराने त्यांचा हसण्याचा आवाज आला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

संध्याकाळी खिडकीत वहिनी मला हळूच म्हणाल्या, "खोटं बोलले हो आज. तुम्ही पाहिलंत, पण बोलू नका कुठे."

"अहो, औषध समजा," मी म्हटलं.

औषध लागू पडलं. साहेब पुढच्या महिन्यात एका गोदामावर राखणीच्या कामाला लागले, दाढी करू लागले. रविवारची कणसं मात्र सुरूच राहिली. आधी सोबती यायचे, मग त्यांची बिऱ्हाडं, मग आळीतली माणसं. औषध चालू राहिलं आणि रोगी बरा होऊन जाडजूड झाला.

कणसं कशी व्हायची ते मी खिडकीतून शेकडो वेळा पाहिलंय. वहिनी शनिवारी नाही, रविवारी सकाळीच बाजारात जायच्या, कारण कणीस एक दिवस शिळं झालं तरी त्याची गोडी उतरते. पानं सोलून बघायच्या नाहीत, नुसता शेंडा बोटांनी चाचपायच्या: दाणे टोकापर्यंत भरलेत की नाही ते कळतं. केस वरून तपकिरी पण मुळाशी ओलसर हवेत. घरी आणून पानांसकट मिठाच्या पाण्यात बुडवायच्या. मग ती ओली कणसं तशीच, पानं अंगावर ठेवून, झाकणाच्या कढईत मंद आचेवर. आतल्या आत स्वतःच्या वाफेवर दाणा शिजतो. (वाफेने त्यांच्या हातांचं काय केलं आणि कणसाचं काय, असा विचार माझ्या मनात यायचा.) शिजली की पानं मागे ओढायची, केस एक-एक करून काढायचे, आणि ओढलेली पानं त्यांच्याच एका पट्टीने बांधून त्याची मूठ करायची. अशी पंचवीस-तीस कणसं परातीत रचली की वहिनी बाहेर जाऊन कोळसे पेटवायच्या, ज्वाळा बसेपर्यंत पुठ्ठ्याने वारा घालायच्या, निखाऱ्यावर राखेची साय धरली की आत यायच्या आणि हाक मारायच्या, "अहो, चला, तयार आहे."

मग साहेब बाहेर यायचे. बाह्या दुमडून. पाटावर बसायचे, चिमट्याचा दोनदा आवाज करायचे आणि शिजलेल्या कणसांना रंग द्यायचे. तेवढंच.

आणि बोलायचे! "कणसाशी घाई करून चालत नाही, त्याला आधी विश्वासात घ्यावं लागतं." "निखारा डोळ्यांनी नाही, गालांनी बघायचा." लोक माना डोलवायचे. मध्येच आत वळून ओरडायचे, "अगं, मीठ कुठंय? दर वेळी सांगावं लागतं हिला!" कुणी पाहुणी म्हणाली की वहिनी, तुम्ही नाही का भाजत, तर साहेब परस्पर उत्तर द्यायचे, "बाईमाणसाला आच कळत नाही हो. दूध रोज उतू जातं." लोक हसायचे. वहिनीही हसायच्या. पहिली काही वर्षं त्या मीठ ठेवताना माझ्याकडे बघून एक डोळा बारीक करायच्या. मग ते थांबलं. कधी थांबलं ते माझ्या लक्षात आलं नाही.

हा माणूस खरोखर विसरला होता का, हे कोडं मला नेहमी पडायचं. वहिनींना पडत नव्हतं. त्या म्हणायच्या, "विसरले असतील. नवऱ्यांना परात आपोआप भरते असंच वाटतं."

आळीच्या टोकाला मुलींचं वसतिगृह आहे. तिथल्या रेक्टरबाई गेल्या वर्षी एका रविवारी वासाने ओढल्यासारख्या परसात आल्या. एक कणीस खाल्लं, दुसरं मागून घेतलं. पुढच्या रविवारी पुन्हा आल्या आणि खाता खाता म्हणाल्या, "आमच्या मुली संध्याकाळी भूक लागली की बाहेर पळतात. खाणावळीच्या बाहेरच्या ओट्यावर मी एक छोटं दुकान सुरू करतेय. फक्त भाजलेली कणसं, बाकी काही नको. ज्याच्या हातची ही चव आहे त्याच्याच हाती द्यायचंय. दुपारी चार ते सात."

वहिनी तेव्हा लिंबाच्या फोडींची ताटली घेऊन उभ्या होत्या. ती ताटली हातात कशी थबकली ते मी पाहिलं. लाँड्रीतून सुटका. खोकल्यातून सुटका. चार ते सात, मोकळ्या हवेत, आणि स्वतःचं, अगदी स्वतःचं दुकान. त्यांनी ताटली खाली ठेवली आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "बाई, कणसं मी करते. हे नुसता रंग देतात. दुकान मी चालवीन."

 मग साहेब हसले. असे हसले की चिमटा हातातून पडला. "हिला चेष्टेची सवय आहे! काल म्हणत होती, गोदामाची राखणही तीच करते!" झालं. दहा-बारा माणसं खदखदून हसली. "वहिनी, शिट्टी वाजवता का हो रात्री?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "चला साहेब, खुर्ची गेली तुमची!"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

माझ्या तोंडात घास होता. ही सबब नाही, मला कळतं. त्याच्या परसात, त्याच्या शेगडीसमोर, त्याच्याच पाहुण्यांत त्या माणसाचा कसा कचरा होईल, असं काहीतरी माझ्या मनात आलं. घास गिळेपर्यंत रेक्टरबाई म्हणून गेल्या होत्या, "मग साहेब, पुढच्या सोमवारपासून?" आणि साहेबांनी मान हलवली होती.

त्या संध्याकाळी मी खिडकीत गेले तर तिकडची खिडकी बंद. आठवडाभर बंदच राहिली.

पुढच्या सोमवारी सकाळी काय झालं ते वहिनींनी मला नंतर सांगितलं. अर्धं मी स्वतःच ऐकलं, कारण पहाटेपासून खिडकी पुन्हा उघडी होती. वहिनी कामाला निघायच्या तयारीत, डबा भरत होत्या. साहेब दारात येऊन उभे राहिले. जरा खाकरले.

"भिजवतेस ती किती वेळ?"

वहिनींनी डब्याचं झाकण हातातच धरलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"माहीत काय व्हायचंय. बायको घरात काहीबाही करतेच."

"मग त्या दिवशी हसलात कशाला?"

"मग काय करू? दहा माणसांत मला खाली बघायला लावायला निघाली होतीस."

"आणि मला लागलं खाली बघायला ते?"

"तुझं काय," साहेब अगदी साधेपणाने म्हणाले, त्यात राग नव्हता, "तुला लाँड्री आहे."

वहिनींनी झाकण डब्यावर दाबून बसवलं. मग म्हणाल्या, "दाखवा, कणसं कुठली आणलीत." साहेबांनी मोठ्या कौतुकाने पोतं पुढे ओढलं. आदल्या दिवशीच आणून ठेवलेली, साठ कणसं, एकजात जाडजूड. आणि सगळी सोललेली. एकाच्याही अंगावर पान नाही. विकणाऱ्याला सांगून त्यांनी ती तिथेच साफ करून घेतली होती, घरी कचरा नको म्हणून. चौदा वर्षं त्यांच्या हातात कणीस यायचं ते उघड्या दाण्यांचं. पानांच्या आत काहीतरी होऊन गेलेलं असतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती बांधलेली मूठ त्यांना वाटे शोभेची.

"ह्यांत आता काय भिजवू?" वहिनी म्हणाल्या. "पानंच नाहीत. उघडी निखाऱ्यावर टाकलीत तर वरून जळतील, आत कच्ची राहतील."

"मग सांग ना काहीतरी! उकडून दे चटकन."

मोठं पातेलं चढवायला वेळ होता. वहिनी मला म्हणाल्या, "वीस मिनिटांचं काम होतं हो. हात पातेल्याकडे गेलासुद्धा. मग मी डबा उचलला आणि निघाले. वाटेत दोनदा थांबले. एकदा तर मागे वळलेही."

पण घरी परत आल्या नाहीत.

त्या संध्याकाळी वसतिगृहाच्या ओट्यावर कोळशाचे काळे ठिपके पडलेली आणि दाताखाली कचकचणारी कणसं मुलींनी दोन-दोन घास खाऊन टाकून दिली. साहेब घरी येऊन म्हणाले, मका जून निघाला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, कोळसा ओला होता. तिसऱ्या दिवशी, आजकालच्या पोरींना दातच नाहीत. चौथ्या दिवशी वहिनींना म्हणाले, "उद्या निघण्याआधी परात भरून ठेव." वहिनी म्हणाल्या, "मला कुठला वेळ? मला लाँड्री आहे."

नऊ दिवस साहेबांनी दुकान ओढलं. दहाव्या दिवशी रेक्टरबाईंनी निरोप पाठवला की उद्यापासून येऊ नका.

आता तरी, असं मला वाटलं. मी वहिनींना म्हटलं, "चला, मी येते तुमच्याबरोबर. त्या दिवशी गप्प बसले ते बसले." वहिनींनी अर्ध्या दिवसाची रजा काढली. सकाळी बाजारातून चार कणसं निवडून आणली, सगळं यथासांग केलं, निखाऱ्यावर रंगही स्वतःच दिला, आणि कोऱ्या फडक्यात गुंडाळून आम्ही दोघी रेक्टरबाईंच्या खोलीत गेलो.

वहिनींनी फडकं टेबलावर उलगडलं. "खाऊन बघा बाई. ही मी केलीत. मला दुकान द्या."

रेक्टरबाई भल्या बाई आहेत. त्यांनी कणीस उचललं, दोन ओळी दाणे खाल्ले आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगदी तीच चव! असं तिथे का नाही केलं हो त्यांनी? घरी इतकं छान भाजतात आणि ओट्यावर काय होतं त्यांना?"

"हे त्यांनी नाही भाजलं. मी भाजलंय."

"खरंच सांगतायत त्या," मी म्हटलं. "चौदा वर्षं मी खिडकीतून बघतेय. त्यांना नुसतं उलटंपालटं करता येतं."

रेक्टरबाईंनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि मायेने हसल्या. "नवऱ्यासाठी बाई काय काय करते! आणि शेजारीणही अशी मिळाली, नशीब लागतं." मग वहिनींच्या हातावर हात ठेवला, डागांवरच. "अहो, त्यांना सांगा, मी रागावले नाहीये. माणसाचा हात कधी कधी लागत नाही. आणि समजा तुम्हीच भाजता, तरी आता उपयोग नाही. मुली कणसाचं नाव काढलं की फिदीफिदी हसतात. ओटा मी कालच पाववाल्याला देऊन टाकला."

 वहिनी फडक्याची घडी घालू लागल्या. लाँड्रीतली घडी, चारही कोपरे जुळवून. रेक्टरबाईंना वाईट वाटलं असावं. त्या म्हणाल्या, "कामच हवं असेल तर खाणावळीत मागच्या बाजूला भांडी घासायला एक बाई हवी आहे. वाफबिफ काही नाही तिथे, गार पाणी."

मला वाटलं, वहिनी उठतील आणि निघतील. मी उठलेही होते. वहिनी बसूनच होत्या. "कधीपासून येऊ?" म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, "अहो, भांडी? त्यापेक्षा सरळ..." पुढे काय ते मलाही सुचेना. वहिनी म्हणाल्या, "खोकला कुणाला येतो, तुम्हाला की मला?" मग थोडं चालून झाल्यावर, "तुम्ही त्या दिवशी बोलला असता तर दुकान मिळालं असतं असं समजू नका हं. तुम्हालाही हसले असते." माझं ओझं कमी करायला म्हणाल्या, हे मला कळलं. कमी झालं नाही.

आता वहिनी वसतिगृहाच्या मागच्या अंगणात नळाखाली बसून मोठमोठी पातेली घासतात. खोकला निम्मा झालाय. हातांवरचे डाग तसेच आहेत. संध्याकाळी पुढच्या ओट्यावर पाववाल्यासमोर मुलींची रांग लागते, त्यांचा गलका मागे ऐकू येतो.

रविवारची माणसं अजून येतात, पण कणसं बंद आहेत. साहेब सांगतात, खांदा दुखतो. लोक हळहळतात, म्हणतात, आता तसली कणसं कुठली. परवा एका पाहुण्याने विचारलं, वहिनी आता कुठे असतात कामाला? साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "वसतिगृहात. रेक्टरबाई माझ्या ओळखीच्या, मीच शब्द टाकला. लाँड्रीत फार हाल होत होते हो तिचे."

वहिनी आत स्वयंपाकघरात होत्या, खिडकीपाशी. ऐकू आलं असणारच. मला इकडे आलं. पाहुणा बाहेरून कौतुकाने ओरडला, "वहिनी, नवरा भेटावा तर असा!"

वहिनींनी दोन कपांत चहा गाळला. चहाचं भांडं अजून निम्मं भरलेलं होतं. त्यांनी तिसरा कप काढला, तोही भरला, तिथेच उभ्या राहून सावकाश, फुंकर घालत, शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या. बाहेरून साहेबांची हाक आली, "अगं, चहा?" तरी प्यायल्या. मग दोन गार झालेले कप उचलले आणि बाहेर नेले.